मुका मार : शाळेच्या मैदानावर डोक्याला लागतं तेव्हा (जून ते डिसेंबर २०२४च्या नोंदी)

आमची शाळा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आहे, पाचवी ते दहावी. पोरांना कबड्डीचं वेड, पोरींना खो-खोचं. क्रीडाशिक्षक मी एकटाच. डोक्याला लागलेल्या पोराला वेळीच थांबवायचं आणि नीट बरं झाल्यावरच परत घ्यायचं, अशी पद्धत यंदा शाळेत बसवतोय. दुसऱ्या कुणाला हेच काम करायचं असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी चुकांसकट ठेवतोय.

२० जून २०२४

हे काम का काढलं ते आधी लिहितो. गेल्या ऑक्टोबरात तालुक्याच्या कबड्डीत आमच्या नववीतल्या चढाईपटूची पकड झाली. चौघे अंगावर आले आणि त्याचं डोकं मागून जमिनीवर आपटलं. उठला, हसलासुद्धा. मी तोंडावर पाणी मारलं, लिंबू-साखर दिली आणि विचारलं, "खेळतोस ना?" तो म्हणाला, "हो सर." आणखी सहा-सात मिनिटं खेळला. परतताना टेंपोत त्याने विचारलं, "सर, आपण जिंकलो का?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग त्याला उलटी झाली.

स्कॅन नॉर्मल आला. पण पुढचे पाच आठवडे पोराला धडा वाचता येईना, ओळी हलतात म्हणायचा. सहामाही बुडाली. कबड्डी त्याने सोडली ती सोडलीच.

चूक माझी होती, आणि ती त्या प्रश्नात होती. जिंकायला उतरलेल्या पोराला "खेळतोस ना" विचारलं तर उत्तर एकच येतं. तो प्रश्न मैदानावर कुणी विचारायचाच नाही, अशी सोय यंदा करायची आहे.

२६ जून

प्रथमोपचार पेटी उघडली. कापूस, जंतुनाशक, दोन क्रेप बँडेज, तारीख उलटलेला मलम, वेदना मारायचे तीन स्प्रे. गुडघा-घोटा दुखला की स्प्रे मारायचा आणि पोराला परत मैदानात ढकलायचं, एवढ्याचीच तयारी. डोक्यासाठी काही नव्हतं. खरं तर पेटीत ठेवण्यासारखं त्याला काही नसतंच. लागतं ते घड्याळ, वही, पालकांचे चालू असलेले फोन नंबर आणि १०८. एक दोनशे पानी वही केली आणि दर खेळाडूचे दोन-दोन नंबर लिहायला घेतले. ६२ खेळाडूंपैकी १७ जणांचे शाळेतले नंबर बंद निघाले. त्यातच चार दिवस गेले.

४ जुलै

मैदानावर खिशात ठेवायचं कार्ड तयार केलं. आधार 'सीआरटी-६'चा, म्हणजे खेळात डोक्याला लागल्यावर मेंदूला धक्का बसलाय का ते ओळखायच्या कार्डाचा. २०२२मध्ये ॲमस्टरडॅमला या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिचं निवेदन २०२३मध्ये आलं, त्याच्याबरोबरचं हे कार्ड. डॉक्टर नसलेल्या माणसाने वापरावं म्हणूनच ते केलेलं आहे. मी मराठी केलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मस्तिष्काघात'.

ही चूक महागात पडली. पहिलाच कागद एका मुलाच्या आजीने वाचून घेतला आणि पक्षाघात समजून रडायला लागली. दुसऱ्या एका घरात 'मेंदूला इजा' वाचून पोराचं नाव संघातून काढायला सांगितलं. छापलेल्या शंभर प्रती बाजूला ठेवल्या. मग आमच्या मावशी (शाळेतल्या सेविका) म्हणाल्या, "सर, याला आपल्यात मुका मार म्हणत्यात की." रक्त नाही, खोक नाही, आत मात्र लागलेलं. यापेक्षा नेमका शब्द मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. नवं कार्ड : 'डोक्याला मुका मार'.

११ जुलै

लक्षणांची यादीही फसली. 'धुक्यात असल्यासारखं वाटणे', 'प्रकाशाची संवेदनशीलता' असं मी लिहिलं होतं. पोरं नुसती बघत राहिली. म्हणून उलटं केलं. आठवी-नववीच्या चाळीस मुलामुलींना बसवून विचारलं की डोकं आपटल्यावर कसं वाटतं, तुमच्या शब्दांत सांगा. फळा भरून गेला. डोकं जड झालं, भणभणतंय, गरगरतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंधारी आली, मळमळतंय, कान वाजतायत, ऊन डोळ्यांत खुपतंय, काही सुचत नाही, उगाच रडू येतंय, उगाच राग येतोय, बधिर झालंय. हेच शब्द कार्डावर घेतले.

दुसऱ्या बाजूला धोक्याच्या खुणा लाल अक्षरांत. मान दुखणं, एकाचे दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा जोर नसणं, डोकेदुखी वाढत जाणं, उलटी, झटका, शुद्ध हरपणं, गुंगी वाढत जाणं, बिथरल्यासारखं वागणं. यातलं एक जरी दिसलं तरी मानेला धक्का न लावता पोराला आहे तसं ठेवायचं आणि १०८ला फोन करायचा. चौघांनी हातपाय धरून सावलीत न्यायचं नाही. आमच्याकडे हे सगळ्यात आधी होतं, म्हणून ते वेगळ्या चौकटीत छापलं.

१८ जुलै

मैदान. कबड्डीच्या पटांगणातली माती उकरून चाळली, दोन पाट्या खडे निघाले. खो-खोच्या दोन्ही खांबांना सरावापुरतं फोम आणि वर रेक्झिन गुंडाळलं. सामन्याच्या वेळी काढून ठेवायचं. खर्च १,८५०.

तीन दिवसांत दिसलं की फोम आल्यावर पोरी खांबाजवळ आणखी बिनधास्त सूर मारायला लागल्या. म्हणून सूर मारताना हात आधी आणि डोकं खांबाच्या बाहेरून, हे रोज दहा मिनिटं संथ गतीने करून घेतो. एका पालकाने मुलांना हेल्मेट घ्यायची तयारी दाखवली. त्यांना सांगितलं की हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. आत मेंदू हलतो, तो त्याने थांबत नाही. ते पैसे इथे नकोत.

२९ जुलै

पालकसभा. ६२पैकी १९ घरांतून लोक आले. एक आजोबा उठून म्हणाले, "गुरुजी, आम्ही काय कमी पडलो-झडलो का? टेंगूळ आलं म्हणजे मार भायेर आला, झालं." बऱ्याच माना हलल्या. टेंगूळ कातडीखाली येतं, आतल्या माराशी त्याचा संबंध नाही, हे मी सांगितलं. पटलं असं दिसलं नाही.

मग मी उत्तर आयर्लंडमधल्या बेंजामिन रॉबिन्सनची गोष्ट सांगितली. वय १४. जानेवारी २०११, कॅरिकफर्गसमध्ये शाळेचा रग्बीचा सामना. त्याला एकाच सामन्यात डोक्याला अनेकदा लागलं, तो खेळत राहिला, मैदानावर कोसळला आणि गेला. पहिल्या मारातून मेंदू सावरायच्या आत बसलेला दुसरा मार. असं क्वचित होतं, हेही मी तिथेच सांगितलं. सभा शांत झाली. एक आई म्हणाली, "मग ठरवा, एकदा मैदान सोडलं की त्या दिवशी परत नाही."

तोच पहिला नियम झाला. दुसरा नियम मी मांडला. थांबवायचा हक्क कुणालाही : मी, संघनायक, बाकावरचा खेळाडू, मावशी. परत घ्यायचा हक्क मात्र एकट्या माझा नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, पालकांची सही आणि मुख्याध्यापिका बाईंची सही, तिन्ही लागतील. मला संघ जिंकायला हवा असतो. त्यामुळे तो निर्णय माझ्या हातात नसलेलाच बरा.

पोरांना पटवणं सोपं गेलं. डिसेंबर २०२०, कॅनबेरा. जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला, पुढे त्याच्या जागी चहल उतरला आणि तीन बळी घेऊन सामनावीर झाला. "म्हणजे बदली खेळाडू पण हिरो होतो," पाचवीतला एक जण बोलला.

१३ ऑगस्ट

पहिली खरी वेळ. दुपारी ४.२०, खो-खोचा सराव. आठवीतली मुलगी सूर मारताना घसरली आणि कानाच्या वर खांबाला लागली. फोम होता. आवाज मोठा नव्हता. शुद्ध गेली नाही, रडली नाही, उठून कपडे झटकले. मी धावत गेलो आणि ठरलेले पाच प्रश्न विचारले. कुठलं मैदान? आता आक्रमण कुणाचं? शेवटचा गडी कुणी बाद केला? मागचा सामना कुणाशी? तो जिंकलो का? पाचही बरोबर. "मी बरी आहे सर." मी कार्ड खिशात ठेवायला लागलो होतो.

तेवढ्यात ती चौकात जाऊन बसली आणि संघनायक ओरडली, "सर, ती उलटी बसलीय!" खो-खोत बसलेल्या गड्यांची तोंडं एकाआड एक विरुद्ध बाजूंना असतात. ही पोर चार वर्षं खेळतेय, झोपेतही चुकणार नाही. आणि शेजारणीचं तोंड होतं त्याच बाजूला तोंड करून ती बसली होती, आपलं चुकलंय हे तिला कळतही नव्हतं. शेजारणीने खांद्याला हात लावल्यावर ती वळली आणि पुन्हा त्याच बाजूला वळली.

थांबवलं. सावलीत बसवलं, शेजारी दोघी, दर दहा मिनिटांनी वहीत नोंद. पाऊण तासाने म्हणाली, "डोकं भणभणतंय आणि घंटा फार मोठी वाजतेय." घंटा नेहमीचीच होती.

पाच उत्तरं बरोबर आली म्हणून मार नाही असं होत नाही. हे कार्डावर होतं, मीच विसरलो. खेळातल्या सवयीची चूक दिसली की थांबवायचं, ही ओळ आता आम्ही वाढवली. खो-खोत उलटं बसणं, कबड्डीत निदानरेषा विसरणं, आपल्याच गड्याला पकडायला जाणं.

वेळ गेला तो फोनमध्ये. आई रानात, बाप कारखान्यावर, दोन्ही फोन लागेनात. ५० मिनिटं गेली. आता तिसरा नंबर शेजाऱ्यांचा घेतोय.

१४ ऑगस्ट

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काल नीट तपासून सांगितलं की धोक्याची खूण नाही, स्कॅनची गरज नाही, घरी लक्ष ठेवा. पण रात्री शेजारी म्हणाले, डोक्याचं आहे, स्कॅन कराच. बापाने सकाळी २,८०० रुपये भरून करून आणला. रिपोर्ट नॉर्मल. आणि फोन आला, "सर, सगळं नॉर्मल आहे, उद्यापासून खेळायला पाठवतो."

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मुका मार दिसत नाही. ही ओळ पालकांच्या कागदावर नव्हती, आता सगळ्यात वर आहे. डॉक्टरांना गरज वाटली तर स्कॅन करायचाच, पण त्या रिपोर्टावर खेळायची परवानगी मिळत नाही.

घरचा दुसरा गोंधळ झोपेचा. "झोपू देऊ नका" म्हणून आजीने पोरीला रात्री दोनपर्यंत जागं ठेवलं. पहिले काही तास एकटं सोडायचं नाही, गुंगी वाढतेय का बघायचं, हे खरं. पण डॉक्टरांनी तपासल्यावर झोप हवीच.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदन. मी कार्यक्रमात अडकलेलो. ती पोर लेझीम पथकात होती, आली आणि उभी राहिली. ऊन, ढोल, लाऊडस्पीकर. वीस मिनिटांत डोकं धरून खाली बसली. खेळ बंद म्हणजे फक्त मैदान बंद, असंच मी धरून चाललो होतो. लेझीम शिकवणाऱ्या बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. पहिले ४८ तास आराम हवा. आराम म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडणं नव्हे. घरात हिंडावं, थोडं चालावं, मोबाइल आणि टीव्ही शक्य तितका कमी. तिच्या घरी नेमकं उलटं होतं. खोली अंधारी आणि हातात दिवसभर मोबाइल.

आता नोंद झाली की त्याच दिवशी शिक्षकखोलीच्या फळ्यावर नाव लागतं.

२२ ऑगस्ट

आधी अभ्यास, मग खेळ. ती तीन दिवस अर्धा दिवस वर्गात बसली, मग पूर्ण. फळ्यावरून उतरवून घ्यायचं नाही, मैत्रिणीची वही चालेल. गणिताच्या सरांनी विचारलं, "घटक चाचणीचं काय? उद्या सगळेच डोकं दुखतं म्हणतील." प्रश्न रास्त आहे. मुख्याध्यापिका बाईंनी मार्ग काढला : ज्याची वहीत वेळेसह नोंद आहे त्यालाच सवलत, आणि चाचणी माफ नाही, पुढे ढकलायची.

२८ ऑगस्ट

दुसरी नोंद. दहावीचा कबड्डीपटू, २० ऑगस्टला सरावात गुडघ्यावर कपाळ आपटलं. लगेच थांबवला, डॉक्टरांना दाखवलं. सगळं कागदाप्रमाणे. रोज विचारायचो, ० ते १०मध्ये डोकं किती दुखतं? रोज उत्तर शून्य.

काल दहीहंडी. गावातल्या मंडळाच्या हंडीला तो तिसऱ्या थरावर. मी गर्दीतून हाका मारत पुढे जाईपर्यंत थर उतरला होता, सुदैवाने नीट. शाळेचा खेळ मी बंद केला होता, पण गावात मंडळ आहे, तालीम आहे, सायकल आहे. पालकांच्या सहीच्या कागदावर आता ही सगळी नावं घातली आणि मंडळाच्या अध्यक्षांना जाऊन भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी शाळेची यादी मागतो म्हणाले.

४ सप्टेंबर

त्याच्या शून्याचा उलगडा झाला. आई सहज बोलली, "रोज सकाळी गोळी घेतोय, तालुक्याच्या सामन्यापर्यंत बरं व्हायला." मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. पंधरा दिवसांच्या माझ्या नोंदी पाण्यात गेल्या. (नंतरची भर : गोळ्या बंद झाल्यावर डोकेदुखी परत दिसली, ती ९ तारखेपर्यंत राहिली.)

यातून आकडा विचारणं सोडलं. पोरं आकडा देताना संघाचा विचार करतात. आता आईला विचारतो की झोप कशी लागली, चिडचिड आहे का, जेवला का, कुठली गोळी दिली. वर्गशिक्षकांना विचारतो, लक्ष कुठे होतं.

११ सप्टेंबर

खेळात परतीच्या पायऱ्या. ॲमस्टरडॅमच्या निवेदनात मूळ सहा आहेत, मी त्या आमच्या खेळांत बसवल्या. एक, रोजचं हिंडणं-फिरणं. दोन, भरभर चालणं, मग हलकं धावणं. तीन, एकट्याने खेळाच्या हालचाली : कबड्डीत समोर कुणी नसताना चढाईचा सराव, खो-खोत साखळीतून पळणं, खांबापासून लांब. चौथीच्या आधी डॉक्टरांची चिठ्ठी. चार, संघाबरोबर पण अंगाला अंग न लावता. पाच, पूर्ण सराव, पकडी आणि सूर धरून. सहा, सामना. एका पायरीला कमीत कमी एक पूर्ण दिवस. त्रास स्पष्ट वाढला किंवा तासाभरात ओसरला नाही, तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

यावर मी ब्रिटनच्या २०२३च्या सूचनांमधली मुदत चढवली. कुठलंही लक्षण नसलेले सलग १४ दिवस गेल्याशिवाय डोक्याला लागण्याची भीती असलेला सराव नाही, आणि २१ दिवसांच्या आत सामना नाही. खेळातलं वैद्यक शिकलेला डॉक्टर आमच्या तालुक्यात नाही. रोज बघणारं कुणी नसेल तर मुदत लांबच हवी.

खो-खोची पोर तिसऱ्या पायरीवर दोनदा अडली. सरळ पळताना काही नाही, वळताना गरगरायचं. म्हणून तीनचे दोन भाग केले, आधी सरळ, मग वळणं. तिला आठवडा जास्त लागला.

२० सप्टेंबर

तालुक्याची कबड्डी. दहावीच्या पोराची १४ दिवसांची मुदत २३ला संपणार होती. तीन दिवस कमी. अकरा दिवसांपासून त्याला काहीच त्रास नव्हता, पळताना मी स्वतः पाहिलं होतं. जिल्ह्यापर्यंत गेलं तर क्रीडागुणांची वाट उघडते आणि दहावीचं वर्ष, त्यामुळे वडील सकाळीच शाळेत आले. "सर, तीन दिवसांनी काय फरक पडतोय? लिहून देतो, जबाबदारी माझी."

खरं सांगतो, मी डळमळलो. तीन सह्यांचा नियम नसता तर मी त्याला उतरवला असता. बाईंनी वही उघडली, गोळ्यांचं पान काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, सही तुमची आहे, पण डोकं त्याचं आहे." वडील काही न बोलता निघून गेले.

आम्ही तीन गुणांनी हरलो. पोरगा बाकावर टॉवेल तोंडावर घेऊन बसला होता. मी शेजारी बसलो, बोलण्यासारखं काही नव्हतं.

२ ऑक्टोबर

काल तो पूर्ण सरावाला उतरला. त्रास नाही. खो-खोची पोर त्याच्या आधीच सामना खेळून आली. वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या मुलाचा कागद मात्र त्यांनी सही करून पाठवला, तिसऱ्या नंबरासकट.

३ डिसेंबर

मध्ये दिवाळीची सुट्टी, मग निवडणुकीची ड्यूटी, महिनाभर काम जागच्या जागी. आज मी तालुक्याला बैठकीला असताना सहावीतला मुलगा जेवणाच्या सुट्टीत पायरीवरून पडला, डोकं मागून आपटलं. मैदान नाही, खेळ नाही, क्रीडाशिक्षक नाही. मावशींनी कार्ड काढलं. वहीतलं अक्षर त्यांचं आहे : '१.१० पडला. १.१४ आईला फोन. १.२५ मळमळ म्हनला. १.३० उलटी. १.३१ एकशेआठ.' गाडी २२ मिनिटांत आली. पोराला रात्रभर दवाखान्यात ठेवलं, सकाळी घरी सोडतील.

एकूण खर्च ४,३१०. खांबांचं फोम-रेक्झिन १,८५०, छपाई दोनदा १,४६०, वह्या आणि फोन १,०००. पहिल्या छपाईचे ६०० वाया गेले. कार्ड साध्या कागदावर आहे, मावशींचं घडीवर फाटलंय. जानेवारीत लॅमिनेशन करून दहा प्रती : चार शिपायांना, दोन स्वयंपाकाच्या ताईंना, बाकी वर्गनायकांना.